सपाट वळणावर गाडी किती वेगात निघेल? घर्षण आणि अभिकेंद्री बलाचं गणित, अगदी सुरुवातीपासून

सपाट रस्त्यावरच्या वळणाचं गणित बऱ्याच जणांना फॉर्म्युला म्हणून पाठ असतं. कमाल वेग म्हणजे म्यू (घर्षण गुणांक, पकड किती आहे ते सांगणारा आकडा) गुणिले जी (गुरुत्व त्वरण) गुणिले आर (वळणाची त्रिज्या), त्याचं वर्गमूळ, आकडे टाकले की उत्तर तयार. पण त्याच माणसाला विचारा की गाडी ताशी ३० किमीने निवांत वळतेय, आत्ता घर्षण किती न्यूटन आहे, तर तो पटकन म्यू गुणिले वजन करून मोकळा होतो आणि तिथेच फसतो. घर्षण तेवढं नसतंच. म्यू गुणिले वजन ही त्याची कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्ष घर्षण मात्र वळायला जेवढं लागतं तेवढंच लागतं, ना कमी ना जास्त. हा सगळा लेख या एका फरकाभोवती आहे, त्यामुळे पुढे मी दोनच शब्द धरून चालणार आहे: गरज आणि मर्यादा.

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ म्हणजे आकडे डोक्यात राहतील. वस्तुमान १२०० किलो, वळणाची त्रिज्या ५० मीटर, रस्ता पूर्ण सपाट, म्हणजे बाहेरची कड वर उचललेली नाही. घर्षण गुणांक म्हणजे म्यू कोरड्या डांबरी रस्त्यावर ०.७, ओल्यावर ०.४, बर्फावर ०.१ धरू. हे ढोबळ आकडे आहेत, टायर आणि रस्त्याप्रमाणे बदलतात, पण गणित समजायला पुरेत. जी म्हणजे ९.८.

पायरी १: आधी चित्र काढा, आकडे नंतर

गाडी मागून दिसतेय असं चित्र काढा. खाली वजन, वर रस्त्याची लंब प्रतिक्रिया, म्हणजे रस्ता गाडीला वर रेटतो ते बल. रस्ता सपाट असल्यामुळे या दोघी समसमान, ११,७६० न्यूटन, आणि उभ्या दिशेचा हिशोब इथेच संपला. आता आडव्या दिशेला काय उरलं? फक्त टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण, वळणाच्या केंद्राकडे. बस.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे घर्षण दाखवून झाल्यावर शेजारी अजून एक बाण काढून त्याला अभिकेंद्री बल असं नाव देणं. असं वेगळं बल नाहीये हो. केंद्राकडे खेचण्याचं काम जे कोणतं बल करतंय त्यालाच त्या ठिकाणी अभिकेंद्री म्हणायचं, दोरीला बांधून दगड फिरवला तर दोरीचा ताण, उपग्रहाला गुरुत्वाकर्षण आणि आपल्या गाडीला घर्षण. दोन बाण काढलेत तर एकच बल दोनदा मोजलं जातं आणि उत्तर दुप्पट-निमपट होऊन बसतं.

मग बाहेर फेकल्यासारखं वाटतं ते काय? ते गाडीत बसलेल्याला वाटतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलं तर तुमचं शरीर सरळच जायला बघतंय आणि गाडी तुमच्याखालून आत वळतेय, सीट आणि दरवाजा तुम्हाला आत ढकलतायत. गाडीच्या आतून गणित करायचं असेल तर अपकेंद्री बल बाहेरच्या दिशेने खुशाल घ्या, पण मग त्वरण शून्य धरा. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त एका गणितात दोन्ही मिसळायच्या नाहीत. मला विचाराल तर सुरुवातीला रस्त्यावरून बघायची सवय लावा, गोंधळ खूप कमी होतो.

चाक फिरतंय, मग घर्षण स्थितिक कसं काय?

हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना पडतो आणि पडायलाच हवा. गाडी पळतेय, चाक गरगर फिरतंय, तरी आपण स्थितिक घर्षणाचा म्यू वापरतो. कारण चाक न घसरता गडगडत असेल तर टायरचा जो भाग त्या क्षणाला रस्त्याला टेकलाय तो रस्त्याच्या मानाने थांबलेला असतो. पुढच्या क्षणी तो उचलला जातो आणि शेजारचा भाग टेकतो. टेकलेला भाग घसरत नाही म्हणून स्थितिक. एकेका टायरचा टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो, आणि एवढ्या चार तुकड्यांवर अख्खी गाडी वळते, हे एकदा डोक्यात बसलं की टायर झिजलेत का ते बघायची सवय आपोआप लागते.

आता हे घर्षण आतल्या बाजूला का लागतं ते बघा. स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वेगळ्या दिशेला तोंड करतात, पण गाडीचं जडत्व तिला सरळ नेतंय. त्यामुळे टेकलेलं रबर थोडं आडवं ताणलं जातं, ते रस्त्याला बाहेरच्या बाजूला रेटतं आणि रस्ता त्याला तेवढ्याच जोराने आत रेटतो. म्हणजे चाकाचं तोंड आणि चाकाची खरी वाट यात वळणावर नेहमी काही अंशांचा फरक असतो. जास्त वळवलं की रबर जास्त ताणलं जातं, घर्षण वाढतं, पण हे एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे रबर सुटायला लागतं.

पायरी २: वेग मीटर प्रति सेकंदात आणा

ताशी किलोमीटरला ३.६ ने भागा. ५४ चे १५, ३६ चे १०, ७२ चे २०. ही पायरी लहान आहे पण अर्धी चुकीची उत्तरं इथूनच येतात. ५४ तसेच टाकले तर त्वरण ५८ च्या वर येतं, म्हणजे जी च्या जवळजवळ सहापट, ते लढाऊ विमानात शोभेल. म्हणून एक सवय ठेवा, साध्या गाडीच्या वळणाचं त्वरण ९.८ च्या वर आलं की आधी एकक तपासा.

पायरी ३: गरज काढा

गरज = वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या. आपली गाडी ताशी ५४ ने, म्हणजे १५ मीटर प्रति सेकंदाने वळतेय. १५ चा वर्ग २२५, भागिले ५० म्हणजे ४.५ हे त्वरण, गुणिले १२०० म्हणजे ५,४०० न्यूटन. यात म्यू कुठेही आला नाही हे नीट बघा. रस्ता कोरडा आहे की ओला याच्याशी गरजेला काही घेणंदेणं नाही, त्या वेगाने त्या त्रिज्येवर वळायचं तर एवढं बल लागणारच.

सुरुवातीचा ताशी ३० वाला प्रश्न पण आत्ताच करून टाकू. ३० म्हणजे ८.३३, वर्ग साधारण ६९.४, त्यावरून बल येतं साधारण १,६६७ न्यूटन. म्हणजे कोरड्या रस्त्यावरच्या कमाल मर्यादेच्या (ती पुढच्या पायरीत काढू) जेमतेम पाचवा भाग.

पायरी ४: मर्यादा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा

मर्यादा = म्यू × लंब प्रतिक्रिया. कोरड्या रस्त्यावर ०.७ × ११,७६० = ८,२३२ न्यूटन. ओल्यावर ४,७०४. बर्फावर १,१७६.

आता तुलना करा. गरज ५,४०० आहे. कोरड्यावर मर्यादा ८,२३२, म्हणजे गाडी आरामात वळते आणि घर्षण असतं ५,४०० च, ८,२३२ नाही. ओल्यावर मर्यादा ४,७०४, म्हणजे गरज भागत नाही, गाडी घसरणार. वेग तोच, वळण तेच, ड्रायव्हरपण तोच. पाऊस पडला की कालपर्यंत चालणारा वेग आज का चालत नाही ते या दोन आकड्यांत आहे.

परीक्षेत "गाडी सुरक्षित वळेल का" असं विचारलं तर इथेच थांबायचं, पुढचा फॉर्म्युला लागत पण नाही.

पायरी ५: कमाल वेग

गरज वाढत वाढत मर्यादेला टेकली की तो कमाल वेग. दोन्ही बाजू समान मांडल्या की वस्तुमान दोन्हीकडून उडून जातं आणि उरतं: वेगाचा वर्ग = म्यू × जी × त्रिज्या. आपल्या वळणासाठी,

कोरडा: √(०.७ × ९.८ × ५०) = √३४३ ≈ १८.५ मीटर प्रति सेकंद, ताशी साधारण ६७ किमी
ओला: √१९६ = १४, ताशी साधारण ५० किमी
बर्फ: √४९ = ७, ताशी साधारण २५ किमी

वस्तुमान उडालं म्हणजे काय तर जड गाडीला वळायला जास्त बल लागतं, पण तिचं वजन जास्त असल्यामुळे तिला घर्षणही त्याच प्रमाणात जास्त मिळतं. "जड गाडी रस्त्याला चिकटून चालते" हे म्हणणं या मॉडेलमध्ये तरी टिकत नाही. खऱ्या टायरचा तर उलटाच स्वभाव असतो, त्याच्यावर भार वाढवत नेला की त्याचा म्यू थोडा थोडा कमी होत जातो, म्हणजे खचाखच भरलेली गाडी वळणावर किंचित कमीच पकडते. वळताना भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो, त्यामुळेही एकूण पकड जराशी घटते. म्हणून √ वाला आकडा हा आदर्श वरचा आकडा समजा. त्या वेगाने जायची ती परवानगी नव्हे.

आणि वर्ग व वर्गमूळ काय खेळ करतात तेही बघून घ्या. वेग १० टक्के वाढवला तर गरज २१ टक्के वाढते. वेग दुप्पट तर गरज चौपट. उलट म्यू ०.७ वरून ०.४ वर आला, म्हणजे ४३ टक्के घटला, तरी कमाल वेग २४ टक्केच कमी होतो. यावरून कोणी म्हणेल की मग ओल्या रस्त्याचा एवढा बाऊ कशाला, तर प्रॉब्लेम असा की वेग ठरवताना आपण म्यू डोळ्यांनी बघू शकत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून म्यू नेहमीच्या ओल्या रस्त्यापेक्षाही खाली जातो, आणि पाणी साचलेलं असेल अन वेग जास्त असेल तर टायर पाण्याच्या थरावर तरंगायला लागतो, तेव्हा ०.४ वगैरे विसरा, पकड जवळपास शून्य. टायरवरच्या खाचा त्या पाण्याला बाहेर काढायलाच असतात.

वळणाची त्रिज्या कशी काढायची

पुस्तकात ती दिलेली असते, खऱ्या रस्त्यावर कोणी लिहून ठेवत नाही. सोपी युक्ती अशी: मोबाईलच्या नकाशात अंतर मोजायचं टूल असतं, त्यात वळणाच्या कडेवर दोन बिंदू घ्या आणि त्यांच्यातलं सरळ अंतर मोजा, ही झाली जीवा. मग जीवेच्या मध्यापासून रस्त्याच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर मोजा, ही उंची. त्रिज्या = जीवेचा वर्ग ÷ (८ × उंची), त्यात उंचीचा अर्धा मिळवा. समजा जीवा ४० मीटर आणि उंची ४ मीटर आली, तर १६०० ÷ ३२ = ५०, अधिक २, म्हणजे ५२ मीटर. चालू रस्त्यावर टेप घेऊन उभं राहू नका प्लीज, नकाशावर काम होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, खरं वळण हा एकाच त्रिज्येचा वर्तुळखंड क्वचितच असतो. काही वळणं पुढे जाऊन अजून आवळतात. सुरुवातीला त्रिज्या ८० असेल आणि शेवटी ४०, तर त्याच वेगात गरज मधेच दुप्पट होते, तेही तुम्ही आत शिरल्यावर. म्हणून गणितात नेहमी सगळ्यात लहान त्रिज्या धरायची.

गरज डोळ्यांनी बघायची असेल तर

हा भाग मला सगळ्यात आवडतो. गाडीत दोरीला एखादी छोटी जड वस्तू टांगा. वळताना ती बाहेर झुकते, आणि उभ्या रेषेशी तिचा जो कोन होतो त्याचा टॅन्जन्ट म्हणजे त्वरण भागिले जी. म्हणजेच त्या क्षणी वळायला कमीत कमी किती म्यू लागतोय तो आकडा! ताशी ५४ ला ४.५ ÷ ९.८ = ०.४६, कोन साधारण २५ अंश. ११ अंश म्हणजे ०.२. ३५ अंश म्हणजे ०.७, कोरड्या रस्त्याचीही हद्द. वस्तुमान नको, त्रिज्या नको, वेगही नको, नुसता कोन बघा आणि रस्त्याच्या म्यूशी ताडून बघा. कोन मागे बसलेल्याने बघायचा किंवा व्हिडिओ काढून नंतर बघायचा, ड्रायव्हरने नाही. गाडीची बॉडी स्वतः बाहेर थोडी कलते, त्यामुळे गाडीच्या खांबाशी तुलना केली तर कोन खऱ्यापेक्षा जरा जास्त दिसतो, तेवढं सोडून द्यायचं. कोन बघायला वेग वाढवायची काहीच गरज नाही, रोजच्या साध्या वळणावर १०-११ अंश पण छान दिसतात.

गाडी नसेल तर घरात फिरती तबकडी चालते, जुना रेकॉर्ड प्लेअर असेल तर उत्तमच कारण त्याचे फेरे ठरलेले असतात. तबकडीवर पुठ्ठा कापून ठेवा. तोच पुठ्ठा आधी हातात धरून त्यावर नाणं ठेवून हळूहळू तिरका करा, नाणं सरकायला लागेल त्या कोनाचा टॅन्जन्ट म्हणजे म्यू. समजा १४ अंश आले, म्हणजे ०.२५. आता ४५ फेरे प्रति मिनिटाला कोनीय वेग (सेकंदाला किती रेडियन फिरलं ते) ४.७१, त्याचा वर्ग २२.२, आणि त्वरण म्हणजे हा वर्ग × केंद्रापासूनचं अंतर, मग नाणं कुठे सुटेल? ०.२५ × ९.८ ÷ २२.२ = ०.११ मीटर. केंद्रापासून ११ सेंटीमीटरच्या आत ठेवलेलं नाणं टिकेल, बाहेरचं निसटेल. ३३⅓ फेऱ्यांना हेच अंतर २० सेंटीमीटर येतं, तबकडीच्या बाहेर, म्हणजे कुठेही ठेवा टिकणार. तबकडी झटक्यात सुरू करू नका, नाहीतर वेग घ्यायलाच घर्षण खर्च होऊन नाणं आधीच सरकेल.

इथे एक गोम आहे. तबकडीवर जेवढं बाहेर तेवढी गरज जास्त, पण गाडीला जेवढी त्रिज्या मोठी तेवढी गरज कमी. उलटं कसं? तबकडीवर फेरे ठरलेले आहेत, बाहेर गेलं की वेगही वाढतो. गाडीचा वेग ठरलेला असतो आणि त्रिज्या वेगळी बदलते. काय स्थिर आहे ते बघितल्याशिवाय "त्रिज्या वाढली की बल वाढतं का" याचं उत्तर देऊच नका.

वळणात ब्रेक मारला तर

आता खरी पंचाईत. ब्रेकलाही घर्षणच लागतं, आणि तेही त्याच चार टायरकडून. आडवं घर्षण आणि मागच्या दिशेचं घर्षण काटकोनात असतात, त्यामुळे दोघांच्या वर्गांची बेरीज मर्यादेच्या वर्गापेक्षा जास्त होऊ शकत नाही. कोरड्या रस्त्यावर ताशी ५४ ला आडवे ५,४०० गेले, तर ब्रेकसाठी उरले √(८,२३२² − ५,४००²) ≈ ६,२०० न्यूटन, वेग कमी व्हायचा दर ५.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. ठीक आहे. आता वेग ताशी ६५ करा, म्हणजे १८ मीटर प्रति सेकंद. आडवी गरज ७,७७६, ब्रेकसाठी उरले फक्त २,७०० च्या आसपास, दर २.२५. वेग ११ ने वाढला आणि ब्रेकची ताकद निम्म्याहून खाली आली! म्हणून वळणाआधी सरळ रस्त्यावर असतानाच वेग कमी करा असं ड्रायव्हिंग शिकवणारे सांगतात.

एबीएस असेल तर? एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे चाक गडगडत राहतं आणि स्टीअरिंगचं ऐकत राहतं, फायदा मोठा आहे. पण रस्त्याचा म्यू ते वाढवत नाही. मर्यादा होती तिथेच.

मर्यादा ओलांडली की काय होतं

गाडी केंद्रापासून थेट बाहेर उडत नाही, चित्रात तसं दाखवतात ते चुकीचं आहे. बल पूर्ण गायब झालं तर ती त्या क्षणाच्या स्पर्शरेषेवरून सरळ जाईल. प्रत्यक्षात घसरतानाही गतिज घर्षण असतंच, ते स्थितिकच्या कमाल मर्यादेपेक्षा कमी असतं, त्यामुळे गाडी वळते पण मोठ्या वाटेने, आणि रस्ता तेवढा रुंद नसतो. पुढची चाकं आधी सुटली तर स्टीअरिंग फिरवूनही गाडी सरळ ओढली जाते, तेव्हा अजून फिरवणं ही पहिली प्रतिक्रिया असते आणि ती उपयोगाची नसते. अॅक्सिलरेटर हळू सोडायचा, स्टीअरिंग किंचित सैल करायचं, चाकांनी परत पकड घेतली की मग वळवायचं. मागची चाकं आधी सुटली तर शेपूट बाहेर येते आणि मामला जास्त पटकन हाताबाहेर जातो, तिथे नजर आणि स्टीअरिंग जायच्या दिशेला ठेवायचं, ब्रेक दाबून धरायचा नाही.

उंच गाड्यांची तर वेगळीच गोष्ट, त्या घसरायच्या आधी कलंडू शकतात. घर्षण जमिनीवर लागतं आणि गुरुत्वमध्य वर असतो, म्हणून गाडी बाहेर लवंडायला बघते. कलंडायची हद्द: वेगाचा वर्ग = जी × त्रिज्या × (चाकांमधलं आडवं अंतर ÷ गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट). लहान गाडीत अंतर १.५ मीटर, उंची ०.५५ धरली तर कंसातला आकडा १.३६, म्यूपेक्षा खूप मोठा, म्हणजे ती आधी घसरेल. वरपर्यंत माल भरलेला ट्रक, अंतर २ मीटर आणि गुरुत्वमध्यही २ मीटरवर, तर आकडा ०.५. आपल्या ५० मीटरच्या वळणावर तो ताशी ५६ लाच कलंडेल, घसरायला ६७ लागले असते. गंमत म्हणजे ओल्या रस्त्यावर म्यू ०.४, ०.५ पेक्षा कमी, म्हणून तोच ट्रक कलंडायच्या आधी घसरेल. हे आकडे ट्रक एकसंध ठोकळा समजून काढलेत, स्प्रिंग आणि हलणारा माल यामुळे खरी हद्द याच्याही खाली असते.

करून बघा

१) त्रिज्या ८० मीटर, म्यू ०.५, गाडी ९०० किलो, वेग ताशी ६३. घर्षण किती?
२) त्याच वळणावर गाडी १८०० किलोची. कमाल वेग किती बदलेल?
३) त्याच वळणावर कमाल वेग दुप्पट हवा असेल तर, म्यू तोच ठेवून, त्रिज्या किती लागेल?

उत्तरं: पहिल्यात वेग १७.५, गरज साधारण ३,४४५ न्यूटन, मर्यादा ४,४१०, म्हणून घर्षण ३,४४५. कोणी ४,४१० लिहिलं असेल तर पायरी ३ परत वाचा. दुसऱ्यात काहीच बदलणार नाही, १९.८ मीटर प्रति सेकंद, ताशी साधारण ७१. तिसऱ्यात ३२० मीटर.